कंबर सोडायला मनाई

तानुबाई त्याला नाच म्हणतच नव्हती. ती म्हणायची, कंबर सोडणं. नाच हा शब्द आमच्या हरीचा. चांगल्या गोष्टीला वाईट नाव ठेवलं की ती बंद करायला सोपी जाते, हे वकिलांना कोण शिकवतं देव जाणे.

हरिहर माझा पाठचा भाऊ. अकोल्यात त्याची वकिली चालत होती आणि नजर नागपूरच्या कौन्सिलाकडे होती. मी गोदा, त्याची अक्का. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी विधवेचं लाल आलवण नेसून परत, तेव्हापासून मी याच घरात. हरी पाटीवर अक्षरं गिरवायला बसायचा तेव्हा त्याला सांभाळायला मला समोर बसवत. मांडीवर गव्हाचं सूप आणि डोळे पाटीवर. तो सुलटं शिकला, मी उलटं. आजही कुणी समोर कागद धरून वाचू लागला की त्याच्याआधी माझा वाचून झालेला असतो. मी हे कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

हरीची बायको चारुशीला. अमरावतीच्या मास्तरांची मुलगी, गोरीपान, हसली की खांदे हलायचे. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी गेली तेव्हा हरीनं कुठलंसं जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचून सासऱ्यांना पत्र लिहिलं. पत्रात अकरा कलमं होती. पाचवं कलम असं, की पहिली कळ आल्यापासून मूल बाहेर येईपर्यंत बाईला पाठीवर उताणी निजवावी, कुशीवरही वळू देऊ नये. मास्तर बिचारे साधे. जावई वकील, त्याचं पत्र म्हणजे त्यांना कलेक्टराचा हुकूम. दोन दिवस आणि एक रात्र ती पोर उताणी होती. ती उठून बसायला बघायची आणि चार बाया तिला खाली दाबायच्या. मुलगा झाला, पण रडलाच नाही.

हरी अमरावतीला जाऊन आला. पायांवर पाणी घेता घेता मला म्हणाला, "पाचवं कलम पाळलं नाही त्यांनी. मधे दोनदा उठू दिलं तिला."

मी तांब्या धरून उभी होते. तो तांब्या मी त्याच्या डोक्यात घातला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

दोन वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले. दुसरं बाळंतपण सासरचं, म्हणजे आमच्या घरी. पाचवा महिना लागला तेव्हा एकदा वाती वळता वळता ती म्हणाली, "वन्सं, एक मागू?"

"माग की. चिंचा संपल्या का?"

"मला निजवू नका." तिनं मान वर केली नाही. "बाकी काय व्हायचं ते होवो. तेव्हा मला निजवू नका."

मी म्हटलं, नाही निजवणार. म्हटलं खरं, पण या घरात माझ्या शब्दानं एक दिवाही लागत नव्हता.

तानुबाई आमच्याकडे रोज भाजी घेऊन यायची. मोर्णेपलीकडे जुन्या शहरात, नदीच्या काठी तिचा मळा. डोक्यावर वांग्यांची टोपली, त्यावर शेवंतीचा ढीग, आणि तोंडात तंबाखूची चिमूट. भाजी हा तिचा दिवसाचा धंदा. पोटात अडलेली पोरं सोडवणं हे तिचं दुसरं काम, त्याला ती धंदा म्हणत नसे. माळ्यांच्या, तेल्यांच्या, कुणब्यांच्या घरांत तिच्या हातची निम्मी पोरं हिंडत होती. मी तिला मागच्या दारी बसवून चारुशीलेचं सगळं सांगितलं.

तिनं तंबाखू थुंकली. "दोन दिस उताणी? काहून? ते का वाळत घातलेलं पापड हाय?"

"पुस्तकात लिहिलं होतं."

"पुस्तक बाळंत झालं होतं का कधी?" मग चारुशीलेकडे वळून, "उठ व माय. उभी राय. पाय मोकळे कर. असे."

तिनं चारुशीलेचे दोन्ही हात आपल्या खांद्यांवर घेतले, स्वतः गुडघ्यांत थोडी वाकली, आणि कंबर फिरवायला लागली. हळूहळू, जात्याचा वरचा दगड फिरतो तशी. खांदे जागच्या जागी, पाय जमिनीला चिकटलेले, आणि मधलं सगळं गोल गोल. साठीची बाई ती, हाडं दिसत होती, पण ते पाहताना मला धार काढून झाल्यावर शांतपणे रवंथ करणारी गाय आठवली. काही घाई नाही, काही लाज नाही.

"पोटातल्याले वाट पाह्यजे ना," ती म्हणाली. "आपून दगडासारखं पडून राह्यलं तं थे कुठून येईन? आपून हाललो का थे बी हालते. डोकं खाली करते. रोज थोडं थोडं कर. मंग कळा आल्या का तुह्या आंगाले सांगा लागत नाई."

चारुशीला आधी लाजली, मग हसली, मग तिचे खांदे हलले. किती दिवसांनी. तिला लय सापडावी म्हणून मी सूप पालथं घालून त्यावर बोटं वाजवू लागले. लहानपणी भुलाबाईपुढे टिपऱ्या खेळले होते, त्यानंतर माझ्या हातांनी ताल असा धरलाच नव्हता. बोटांना मात्र आठवत होतं.

तीन महिने हे रोज दुपारी चाललं. चारुशीलेच्या पायांवरची सूज उतरली, पाठ दुखायची थांबली, ती दोन घास जास्त जेवू लागली. आणि मग एक दिवस कोर्टातलं कुणीतरी मोठं माणूस वारलं, कोर्ट लवकर सुटलं, आणि हरी मागच्या दारानं आत आला.

त्याला काय दिसलं? बायकोचे हात माळणीच्या खांद्यावर, दोघींच्या कंबरा फिरताहेत, आणि विधवा बहीण सूप वाजवते आहे.

"हे काय? हे काय चाललंय माझ्या घरात?" त्याचा आवाज चिरकला. "वकिलाची बायको! पोटुशी! तमाशातल्या बाईसारखी पोट नाचवते?"

"नाचून नाई राह्यली वकीलसाहेब, कंबर सोडून राह्यली," तानुबाई म्हणाली.

"तू गप्प बस."

"मी तं गप्पच हावो. तुमी इचारलं म्हून सांगतलं."

मी म्हटलं, "हरी, तिला बरं वाटतं यानं."

"अक्का, तुला यातलं काय कळतं?"

खरं होतं. मला कधी मूल झालं नाही. त्यालाही झालं नव्हतं. पण त्याच्याकडे पुस्तक होतं.

तानुबाईला त्यानं हाकललंच असतं. पण त्या रात्री चारुशीला जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि उपाशी पोटुशी बायको चार लोकांत शोभत नाही. शेवटी त्यानं तडजोड काढली. बाळंतपण दवाखान्यातली नर्स करील. तानुबाई वरकामाला राहील. पण आधी लिहून देईल. आणि त्यानं खरंच लिहिलं! बाळंतपणाचा करारनामा! आजवर वऱ्हाडात कुणी पाहिला असेल तर मला सांगा.

बैठकीत सगळ्यांना उभं केलं. मुन्शी खुशालराव साक्षीदार. हरीनं चष्मा लावून वाचलं: "आम्ही खाली अंगठा करणार लिहून देतो ऐसाजे, सौभाग्यवती चारुशीलाबाई यांस प्रसूतिसमयी अगर तत्पूर्वी उभे करणे, फिरविणे, नाचविणे अगर कंबरेची कोणतीही अश्लाघ्य हालचाल आम्ही करविणार नाही, करण्यास सांगणार नाही, व कोणी आमचेपैकी करवीत असल्यास तात्काळ वर्दी देऊ."

तानुबाईचा अंगठा घेतला. स्वयंपाकीण लीलाबाईचा घेतला. विहिरीचं पाणी भरणाऱ्या नत्थुजीचासुद्धा घेतला, जसा काही तो घागर ठेवून वहिनीसाहेबांना नाचवायलाच टपला होता. नत्थुजी शाई पुसत म्हणाला, "मालक, मले तं बसता बी येत नाई धड, गुडघे गेले." कुणी हसलं नाही.

चारुशीलेची सही घेतली नाही. बायको म्हणजे त्याच्याच दप्तरातला कागद, तिच्याकडून कागदावर वेगळं काय घ्यायचं?

मी दाराशी उभी होते. मला वाटलं, आता मला बोलावील. मी आलवणाला बोट पुसूनही ठेवलं. त्यानं कागदावर वाळू टाकली, झटकली, आणि म्हणाला, "झाले सगळे."

झाले सगळे! त्याला मी न्हाऊ घातलं, त्याच्या मुंजीत मी महिनाभर आधीपासून राबले, त्याच्या गोवरात मी सात दिवस जागले. घरातल्या माणसांची मोजदाद झाली, त्यात पाणक्याही आला, आणि मी नाही. त्या रात्री मला रागानं झोप लागली नाही. तो राग कशासाठी होता हे मला तेव्हा नीट कळत नव्हतं. मनाई केली म्हणून होता, की मनाई करण्याइतकंही मोजलं नाही म्हणून?

कागद त्यानं खळ लावून बाळंतिणीच्या खोलीच्या दाराला आतून चिकटवला.

माघातल्या एका सकाळी चारुशीलेला कळा सुरू झाल्या. हरी कोर्टात निघाला होता. त्यानं खुशालरावांना टांगा घेऊन नर्सला आणायला पाठवलं आणि खोलीबाहेरून मला सांगितलं, "उताणी ठेवा. हालू देऊ नका. मी येतोच एक साक्ष उरकून."

खुशालराव तासाभरानं परतले. नर्स पहाटेच बाळापूरकडच्या एका खेड्यात बाळंतपणाला गेली होती, संध्याकाळपर्यंत यायची नव्हती.

चारुशीला बाजेवर होती. प्रत्येक कळेला बाजेचे दोन्ही काठ धरायची आणि छताकडे पाहायची. ओरडत नव्हती. मला ते ओरडण्यापेक्षा भयंकर वाटलं. ती त्या अमरावतीच्या खोलीत परत गेली होती. एका कळेनंतर तिनं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. काही मागितलं नाही. मागून झालं होतं.

मी तानुबाईकडे पाहिलं. ती भिंतीला पाठ लावून, गुडघ्यांभोवती हातांची मिठी घालून बसली होती.

"तानुबाई, कर ना काहीतरी."

"माह्या हाताले कुलूप हाय अक्का. अंगठा देल्ला मी." तिचे डोळे भरले होते. "मी अडाणी बाई, पण अंगठा देल्ला तं देल्ला. नाईतर मले उद्या या शहरात कोन दारात उभं करीन?"

लीलाबाई गरम पाण्याचं पातेलं घेऊन दारात आली आणि तो कागद पाहून तिथंच थबकली. मग मीही त्या कागदाकडे पाहिलं. उठले, दाराजवळ गेले, आणि वाचला. सुलटा, बोट ठेवून, एकेक ओळ. "आम्ही खाली अंगठा करणार." खाली तीन अंगठे. तानुबाई, लीलाबाई, नत्थुजी.

मी आलवणाचा पदर कमरेला खोचला.

"चारू, ऊठ."

"वन्सं?"

"ऊठ म्हणते ना. माझ्या गळ्यात हात टाक."

तिला बाजेवरून उठवताना माझी पाठ कळवळली. तिचा सगळा भार माझ्या मानेवर आला. आता पुढे काय? तीन महिने मी सूप वाजवलं होतं, कंबर मात्र कधी सोडली नव्हती. माझी कंबर पंचवीस वर्षं एकाच कामासाठी होती, वाकायला. मी फिरवायला गेले तर ती लाकडासारखी. आणि तानुबाईला तर सांगायचीही बंदी.

तानुबाईनं थोडा वेळ पाहिलं. मग तिनं लीलाबाईकडे तोंड केलं.

"काय वो लीलाबाई, तुमच्या घरी दळन कोन दळते?"

"अं? मीच दळते."

"गुडघे ताठ ठेवून दळता का?"

"छे! ताठ ठेवून कसं दळता येईल?"

"हां. थोडे वाकवा लागते. आन् जातं पयले हळू फिरवतेत का जोरानं?"

"हळू."

"हळूच. आन् श्वास कोंडला का थकते माणूस. तोंड उघडं ठिवून सोडा लागते, हाऽऽ असा."

मी गुडघे सोडले. श्वास सोडला. आणि माझ्या आत कुठंतरी, इतकी वर्षं बंद असलेलं एक दार करकरलं. आम्ही दोघी फिरू लागलो. कळ आली की ती माझ्या मानेला लोंबकळायची आणि आम्ही आणखी खाली वाकून फिरायचो. कळ गेली की पावलं टाकायचो, एक इकडे, एक तिकडे, धप्प, धप्प. तिचं पोट माझ्या पोटाला लागत होतं. पोटातल्या पोराचा धक्का मला माझ्या आत लागल्यासारखा वाटला. हे मी कुणाला सांगणार नव्हते. लिहिते आहे तर लिहून टाकते.

चारुशीला आता ओरडत होती. मोठ्यानं, मोकळ्या तोंडानं. मला ते ऐकून बरं वाटलं.

हरी आला तेव्हा ऊन ओसरीवरून उतरलं होतं. त्याचे बूट दाराबाहेर थांबले.

"हा आवाज कसला? कोण पाय आपटतंय? तानुबाई!"

"मी बसून हावो वकीलसाहेब. भितीले पाठ लावून बसून हावो."

"लीलाबाई?"

"पाणी तापवतेय हो."

"मग आत उभं कोण आहे?"

मला वाटतं त्याच्या मनात नत्थुजीसुद्धा येऊन गेला असेल. मग तो हळू आवाजात म्हणाला, "अक्का?"

"हो."

"अक्का, तू? तुझ्यासारखीनं? डोक्यावर केस नाहीत, अंगावर आलवण, आणि तू नाचतेस? निजव तिला आधी! कागद लावलाय ना दाराला!"

"वाचला," मी म्हटलं. "त्यात माझं नाव नाही."

"तुला वाचता येतं?"

"हरी, हा विषय आत्ता नको. कळ आली."

त्यानं बाहेरची कडी वाजवली. दाराला आतून कडी नव्हती, नुसतं ढकललं असतं तर उघडलं असतं. वाचनालयात दर महिन्याला तो विटाळ आणि सोवळ्याच्या खुळावर व्याख्यान द्यायचा, लोक टाळ्या वाजवायचे. पण बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकलं असतं तर कोर्टाच्या कपड्यांसकट अंघोळ करावी लागली असती. तो बाहेरच उभा राहिला. त्या दिवशी त्या खुळाचे मी फार उपकार मानले.

"अक्का, हिला काही झालं तर तुला या घरात जागा नाही."

माझे पाय क्षणभर थांबले. त्याच्या घराबाहेर मला जगात एक ओटासुद्धा नव्हता, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. चारुशीलेनं माझी मान घट्ट धरली.

"थांबू नका वन्सं," ती म्हणाली. "खाली येतंय. मला कळतंय."

मी थांबले नाही. थोड्या वेळानं तिचे गुडघे आपोआप वाकले, ती माझ्या हातांना धरून उकिडवी बसली, आणि तानुबाई भिंतीपासून उठली. मूल झेलायला मनाई कागदात कुठंच नव्हती.

मुलगी झाली. नाळ कापायच्या आधीच असा टाहो फोडला तिनं, की बाहेरचे बूट दोन पावलं मागे सरकलेले मी ऐकले.

"झालं का लेकरू?" नत्थुजी अंगणातून ओरडला.

"झालं!" तानुबाई ओरडली. "आवाज वकिलाचाच हाय!"

संध्याकाळी नर्स आली. तिनं बाळ-बाळंतीण दोघींना नीट पाहिलं, कुठं फाटलं नाही, ताप नाही, "छान झालंय," म्हणाली आणि चहा पिऊन गेली. हरी सुटकेनं ओसरीवर मटकन बसला. मी त्याच्या डोळ्यांत पाणी पाहिलं. ते खरं होतं, हेही लिहायला हवं. पण माझ्याशी तो बोलला नाही, आणि तो कागद दुसऱ्या दिवशी दारावरून नाहीसा झाला.

बाराव्या दिवशी बारसं. बाहेर पुरुषांची पंगत उठली, विडे आले, आणि मी माजघरातून ऐकलं. हरी सांगत होता, "घरात शिस्त लागते. मी तर लेखीच घेतलं होतं सगळ्यांकडून. या अडाणी दायांच्या हातून आपल्या बायका सुटल्या पाहिजेत!" आणि लोक म्हणत होते, वा वा.

तानुबाई त्या वेळी मागच्या दारी, गोठ्याच्या कडेला बसली होती. मांडीवर खण आणि नारळ, पुढ्यात पत्रावळ. पत्रावळीवर माशा. तिनं आणलेल्या शेवंतीच्या माळा पाळण्याला झुलत होत्या.

माझी कानशिलं तापली. तेवढ्यात कोर्टातल्या नव्या मुन्सफांची बायको माझ्याजवळ सरकली. प्रमोदिनीबाई नाव, पुण्याकडच्या, सातवा महिना, डोळ्यांखाली काळं. आवाज खाली करून म्हणाल्या, "अक्का, लीलाबाई सांगत होत्या… ते कसं करायचं हो? मला फार भीती वाटते."

मी मागच्या दारी गेले. "तानुबाई, ऊठ. हात धू आणि आत ये."

"आत? माजघरात?"

"माजघरात. इथं कुणाचा अंगठा घेतलेला नाही."

ती आली. पायाला मळ्यातली माती होती. एक-दोघी आलवणासारख्या लाल झाल्या, एकीनं नाकाला पदर लावला. पण उठून कुणी गेली नाही. तानुबाईनं प्रमोदिनीबाईंचे हात आपल्या खांद्यांवर घेतले. मी सूप पालथं घातलं. आणखी एक उठली, मग तिची जाऊ. माजघराची जमीन धप्प धप्प वाजू लागली.

बाहेर हरीचं वाक्य मधेच तुटलं.

तो माजघराच्या उंबऱ्यावर आला तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं, पण चारुशीला त्याच्याआधी उठली. पाळण्यातून पोर उचलली आणि नेऊन त्याच्या हातांत दिली.

"धरा हिला," ती म्हणाली. "मला दाखवायचंय यांना. माझे हात मोकळे हवेत."

मुन्सफ मागून डोकावत होते. त्यांच्यादेखत हरीला काही बोलता येईना आणि पोर टाकताही येईना. कोर्टातली फाइल धरावी तशी त्यानं ती दोन हातांत आडवी धरली. पोरीनं टाहो फोडला.

"मान धर तिची, हरी," मी सुपावरची बोटं न थांबवता म्हटलं. "आणि उताणी नको. खांद्यावर घे, उभी."